चकाकी आणि निगा

मनुष्य आपल्या मालकीच्या वस्तूवर प्रेम करतो म्हणजे नेमके काय करतो? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आमच्या परिसरात मोटारगाड्या ज्या वेगाने वाढल्या, तो पाहता हे विचारणे अगत्याचे झाले आहे. गाडी दारी आली की नवी सीट कव्हरे चढतात, अलॉय व्हील बसतात, डोळे दिपवणारे दिवे लागतात. ब्रेक ऑईल शेवटचे कधी बदलले, असे विचारले तर मात्र मालक आठवू लागतो. नवी गाडी आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणण्याची प्रथा आम्हांस प्रिय आहे. जुन्या गाडीचे टायर बदलले म्हणून पेढे घेऊन आलेला कोणी आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आमची हवा तर बारमाही दमट. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांच्या आसपास उतरू शकते. कसारा घाट उतरताना पुनःपुन्हा ब्रेक दाबला की चाके तापतात, तेलात वाफेचे बुडबुडे होतात. मग पायाखालचा दाब तो वाफ दाबण्यातच खर्ची पडतो आणि गाडी थांबत नाही. टायरच्या खाचांचेही तेच. त्या शोभेसाठी नसून चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोलीची खाच हवी, असा नियमच आहे. खाच झिजली की पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्त्यावर साचलेल्या पाण्यात चाक रस्ता सोडते व पाण्यावर तरंगते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाला प्रवेशद्वारावर टायर तपासून गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. जून २०२५ पासून हा मार्ग आपल्या भिवंडीजवळच्या आमणे गावापर्यंत पोहोचला आहे. रस्ता कितीही नवा असो, त्यावर धावणारा टायर प्रत्येकाने आपापल्या घरूनच आणलेला असतो.

शोभेचा खर्च नेहमीच निरुपद्रवी असतो, असेही नाही. काचांवरील काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. बंपरपुढील लोखंडी गार्डांवर कारवाई करावी, असे केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस राज्यांना कळविले. कारण असा गार्ड पादचाऱ्याला अधिक जबर इजा करतो, आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा आणू शकतो. संरक्षणाचा केवळ देखावा करणारी वस्तू खऱ्या संरक्षणावरच उठते, हा प्रकार मोटारींपुरता मर्यादित नसावा, अशी आमची शंका आहे. असो.

वस्तुतः सजावट ही आपल्याकडे पाहणाऱ्यासाठी असते. निगा ज्याच्यासाठी असते तो बहुधा आपल्याला पाहतही नाही: शीळफाट्याला रस्ता ओलांडणारी बाई, शाळेतून परतणारा मुलगा. ब्रेक लागला तर त्यांना काही कळणारही नाही, मग आभार कोठून मानणार? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हयगयीचा स्वतंत्र विचार केला आणि तिला विवेक या सद्‌गुणाच्या विरोधात ठेवले. आम्हांस हे वर्गीकरण मार्मिक वाटते. हयगय करणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. जे करावयाचे त्याकडे त्याचे लक्षच नसते. आपल्या पूर्वजांनाही हे कळत होते. बैलांची शिंगे रंगविली, पण आखाला वंगण घातले नाही, असा गाडीवान बाजारच्या वाटेवर हसण्याचा विषय झाला असता.

मात्र सर्वांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या गाडीला कोणी चार फुले लावली तर त्यात पाप कसले? डोंबिवलीचा रिक्षावाला आरशाभोवती झिरमिळ्या बांधतो, तो त्याच्या दिवसभराच्या घराचा शृंगार आहे. जो महिन्याचा हप्ता आधी भरतो आणि टायर पुढच्या महिन्यावर ढकलतो, त्याची हयगय आणि अलॉय व्हीलसाठी हजारो रुपये मोजून टायर तेच ठेवणाऱ्याची हयगय एक नव्हे. पहिल्याच्या हयगयीत अनेकांचा वाटा असतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर, चालक रोजंदारीवर आणि प्रवाशाला भाडे कमीत कमी हवे, अशी स्थिती जेथे असेल, तेथे टायरचा खर्च गाडीच्या मालकानेच उचलावयास हवा. तो पावसाळ्यापूर्वी उचलावा, आणि चालकाच्या कमाईतून कापून घेऊ नये.