फाशीचा प्रवेश

बसा खाली. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी बसा.

गॅदरिंगसाठी लिहिलेली तुमची एकांकिका मी काल शेवटच्या पानापर्यंत वाचली. 'आरोपी वैमानिक हाजिर हो!' अहमदाबादचं विमान, कोर्ट, काळा कोट आणि तिसऱ्या प्रवेशात वैमानिकाला फाशी. पडदा. लिहिलंय झकास, अक्षरही चांगलं आहे. म्हणूनच जास्त राग आला.

12 जून 2025. विमानातल्या 242 माणसांपैकी 241 गेली, आणि ते मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं म्हणून जमिनीवरची 19. एकूण 260. महिन्याभराने विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'चालू'वरून 'बंद'वर गेले, असं त्यात आहे. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं, तू का बंद केलंस? दुसरा म्हणाला, मी नाही केलं. कोण कोणाला म्हणालं, हे अहवालात नाही. कुणाला दोषीही ठरवलेलं नाही. तुमच्या नाटकात मात्र सहवैमानिक विचारतो आणि कॅप्टन खदाखदा हसतो. हे हसू कुठल्या रेकॉर्डरवर सापडलं रे? बोल ना, आता का मान खाली?

'बाई, टीव्हीवर दाखवलं होतं.' टीव्हीवर! आपल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात मी तुम्हाला कशाला नेलं होतं? खापराचा तुकडा कुठल्या थरात सापडला हे माहीत नसेल, तर तो सातवाहनांचा की परवाच्या माठाचा हे नुसतं बघून सांगू नये, हे तिथे उभं राहून शिकवलं होतं. कॉकपिटमधलं ते अर्धं वाक्य असाच थर माहीत नसलेला तुकडा आहे. त्यावर तुम्ही फासाचा खांब उभा केलात.

त्या कॅप्टनचे वडील नव्वदी ओलांडलेले आहेत. मुलाचं नाव स्वच्छ राहावं म्हणून त्या वयात त्यांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं. मुलावर ठपका आहे असं ओझं मनावर घेऊ नका, असं न्यायमूर्तींना त्यांना भर कोर्टात सांगावं लागलं. का लागलं? देशभर तुमच्यासारखी नाटकं बसवणारे होते म्हणून.

आता दुसरी गोष्ट ऐका. तुमच्या जन्माच्या आधीची आहे, पण तिच्यावर कुणी रील केलेलं नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही. 12 नोव्हेंबर 1996, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग 747 वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन 76 दिल्लीकडे उतरत होतं. हवेत टक्कर. दोन्ही विमानांतली सगळीच्या सगळी 349 माणसं गेली. हवेतल्या टकरीत याहून जास्त माणसं जगात कधीच गेलेली नाहीत.

लोकांनी लगेच बोट कुणाकडे दाखवलं असेल? खुर्चीवर बसलेल्या दिल्लीच्या नियंत्रकाकडे. दोन विमानं एका रस्त्यावर आणलीच कशी त्याने! मग न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटींची चौकशी बसली. ध्वनिफिती ऐकल्या, ब्लॅक बॉक्स उघडले. नियंत्रकाने सौदीच्या विमानाला 14,000 फुटांवर आणि कझाकच्या विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितलं होतं. समोरून विमान येतंय, हेही बजावलं होतं. कझाकचं विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं. इंग्रजीतून बोलणं एकट्या रेडिओ ऑपरेटरकडे, आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारं यंत्रच नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघायचं. काय चाललंय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झालेला होता.

दोष ठरला, पण लाहोटी तिथे थांबले नाहीत. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना वाट एकच का? दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसतं, मग किती उंचीवर आहे ते का दिसत नाही? त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या, आणि टक्कर टाळायला वैमानिकाला आपोआप इशारा देणारी यंत्रणा भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना सक्तीची झाली. पहिल्याच दिवशी नियंत्रकाला फासावर चढवून सगळे घरी गेले असते, तर हे प्रश्न कुणी विचारले असते? विमानं आणखी किती वर्षं एकाच वाटेने समोरासमोर उडत राहिली असती.

हसू नकोस मागच्या बाकावर. 'नाटकच आहे' म्हणतोस ना? जर्मनीत युबरलिंगन गावावर 1 जुलै 2002 च्या रात्री दोन विमानं धडकली. 71 माणसं गेली. त्यात सहलीला निघालेली रशियातली शाळकरी पोरंच 45 होती. तुमच्याच वयाची. नियंत्रक स्विस कंपनीचा. त्या रात्री दोन पडद्यांवर तो एकटा, टेलिफोनची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद. त्याने रशियन विमानाला खाली उतर सांगितलं, त्याच वेळी विमानातली यंत्रणा वर जा म्हणत होती. कुणाचं ऐकायचं, याचा नियमच धड नव्हता. पत्नी आणि दोन लेकरं गमावलेल्या एका बापाने फेब्रुवारी 2004 मध्ये त्या नियंत्रकाला त्याच्या दारात भोसकून मारलं. चौकशीचा अंतिम अहवाल आला मे महिन्यात. पुढे 2007 मध्ये कोर्टाने शिक्षा सुनावली ती कंपनीच्या चार व्यवस्थापकांना. त्या बापाला मी काही बोलणार नाही, त्याचं घरच संपलं होतं. तुमचं काय संपलं होतं रे?

आणि हे सगळं कुठल्या गावात, तर गोरोबाकाकांच्या. ज्यांच्या पायाखाली त्यांचंच लेकरू चिखलात गेलं, अशी कथा तुम्ही जन्मापासून ऐकता, त्यांच्या समाधीपुढे डोकं टेकता. त्यांना खुनी म्हणायला तुमची जीभ रेटत नाही. त्या कॅप्टनबद्दल मात्र रेटली.

काय गं, हात कशाला वर केलास? 'मग चुकणाऱ्याला सोडून द्यायचं का बाई?' नाही. चांगला प्रश्न विचारलास. सोडायचं कुणालाच नाही. कंपनी नाही, यंत्र बनवणारा नाही, सरकार नाही, वैमानिकसुद्धा नाही. पण विमान अपघाताच्या चौकशीचा जगभर मान्य नियम असा की ती पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, ठपका ठेवण्यासाठी नाही. गुन्ह्याचा खटला वेगळा चालतो, पुराव्यावर चालतो, आणि आरोपीलाही तिथे बोलू देतात. तुमच्या नाटकात आरोपी वैमानिकाच्या तोंडी एक वाक्य नाही. मोजून बघ.

एकांकिका रद्द केलेली नाही. चरखी दादरीवर लिहा. प्रवेश लाहोटींच्या चौकशीचा. साक्षीला नियंत्रक, रडार दुरुस्त करणारा, विमानतळाचा अधिकारी, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा. न्यायमूर्तींचे निदान दहा प्रश्न उद्या पहिल्या तासाला माझ्या टेबलावर हवेत, आणि त्यातला एकही 'दोषी कोण' असा नको.