आकड्यांचे लाड

बंगळूरच्या राजाजीनगरचा पिन कोड ५६००१०. गाडीच्या नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे मोजणारी मंडळी या आकड्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. याची बेरीज बारा. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीही त्याला नापासच केलं असतं. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ नाव दिलं, आणि ५६००१० ला बाराने भागलं की सहा उरतात.

पण नापास होण्यात संख्येचा दोष कितीसा? २ × ३ × ५ × ११ × १६९७ हे तिचे मूळ अवयव कुठल्याही पायावर लिहा, तेच राहतील. अंकांची बेरीज मात्र दहाचा पाया सोडला की बदलते. एक संख्येचा स्वभाव, दुसरा नुसता पोशाख.

जी. एच. हार्डी याच वळणाचे. १९४० सालच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’त त्यांनी ८७१२ चं उदाहरण दिलं: उलट लिहिलेल्या २१७८ ची ती बरोबर चौपट. असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांत राम वाटत नाही, असा त्यांचा शेरा. केंब्रिजच्या प्राध्यापकाला हे म्हणणं सोपं होतं. पदव्युत्तर पदवी नसलेल्या, शाळा सांभाळून वह्या भरणाऱ्या मास्तरांना त्याची झळ लागायची. देशातल्या गणितज्ञांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. कापरेकरांच्या ६१७४ ची कथा सर्वांना पाठ आहे, ती इथे नको.

त्यापेक्षा त्यांचाच २९७ घ्यावा. त्याचा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = पुन्हा २९७. हार्डी इथेही नाक मुरडतील. पण ८८ हे खरे ८८ हजार. बेरजेत प्रत्येक हजाराचा एक झाला, म्हणजे ९९९ × ८८ एवढं गळालं. म्हणून २९७ × २९६ = ९९९ × ८८. आता ९९९ म्हणजे २७ × ३७. त्यातले २७ बसलेत २९७ मध्ये, ३७ बसलेत २९६ मध्ये. वाटणी उलटी केली की ७०३ मिळतो: ३७ त्याच्यात, २७ शेजारच्या ७०२ मध्ये. त्याचाही वर्ग, ४९४२०९, तसाच वागतो.

म्हणजे पोशाखाची ही चाळाचाळ ९९९ च्या अवयवांपाशी, थेट स्वभावापाशी येऊन थांबली! डग्लस इआनुची यांनी २००० साली हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केलं. मग स्वभाव-पोशाख ही फाळणी हार्डींना वाटते तितकी पक्की नाही. कारण दहा हीदेखील एक संख्याच, आणि तिचे घात नऊ, नव्याण्णव, नऊशे नव्याण्णव यांच्या शेजारी उभे असतात. ८७१२ च्या बाबतीत हार्डींचं खरं धरलं, तरी २९७ ला तो शेरा लागू पडत नाही.

उजवीकडे सहा अंक ठेवून वर्ग तोडला, तर ९९९९९९ = २७ × ७ × ११ × १३ × ३७ या पाच तुकड्यांच्या वाटणीतून अशा बत्तीस संख्या निघतात. त्यांतली एक १४२८५७: एकाला सातने भागताना दशांशचिन्हापुढे फिरत राहणारे अंक. तिचा वर्ग २०४०८१२२४४९; २०४०८ मध्ये १२२४४९ मिळवून बघावेत.