चौघांनी उचललेली बाज

आधार : मार्क २:१-१२



कफर्णहूम गावच्या त्या घराची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. दाराशी एवढी दाटी झाली होती की पक्षघाती मनुष्यास आत नेता येईना. तेव्हा त्यास वाहून आणणारे चौघे छपरावर चढले, छप्पर उसकटले आणि बाज खाली सोडली. आपले उपदेशक हा भाग सांगताना बहुधा पापक्षमेकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रभूस कोणाचा विश्वास दिसला, येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो. शुभवर्तमानकार एकट्या आजाऱ्याचा विश्वास म्हणत नाही. तो अनेकवचन योजतो, आणि त्यात बाज धरणारे चौघे येतात.

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर गावी, जेथे जैन बंधूंचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध देवालय आहे, तेथेही एका आजाराची आख्यायिका सांगतात. अचलपूरच्या राजाने एका तळ्यात हातपाय धुतले आणि त्याचा रोग तेथे तेथे नाहीसा झाला. हा पालट प्रथम राणीने ओळखला. आख्यायिका ती आख्यायिका. पण घरातील स्त्रीचा डोळा अगोदर पाहतो, एवढे त्यात खरे आहे. लेकराचा ताप हटत नाही, चेहरा पांढरा पडत चालला आहे, मार न लागता अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, रात्री हाडे दुखतात म्हणून ते रडते, हे आईच प्रथम पाहते. अशा वेळी तिला वेड्यात काढू नये. रक्त तपासून घ्यावे.

आता शिरपुरासारख्या गावातील एखादे घर मनात आणा, जेथे तपासणीअंती रक्ताचा कर्करोग निघाला. शेत थोडे, सोयाबीन काढणीला आलेले, दारात एक म्हैस, घरात आजी व आणखी दोन लेकरे. डॉक्टर म्हणतात, नागपूरला न्या किंवा मुंबईला न्या. पहिल्या आठवड्यात सारा गाव लोटतो. कोणी शंभर रुपये देतो, कोणी नारळ. आम्ही पाळकही जातो, प्रार्थना करितो आणि चहा घेऊन परत येतो. पुष्कळदा आमचे काम तेथेच संपते, हे सांगावयास आम्हांस लाज वाटते. कारण मुलांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या या प्रकाराचा उपचार आठवड्याचा नव्हे. तो दोन ते तीन वर्षे चालतो.

येथेच खरा धोका आहे. प्रबळ औषधांनी बहुधा पहिल्या महिन्यातच सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसेनासा होतो. पुढे कित्येक महिन्यांनी मूल हसू खेळू लागते, गेलेले केस उगवतात. बाप मनात म्हणतो, बरे झाले, आता कर्ज कशाला वाढवा? पण विरजणाचा एक थेंब दुधाच्या भांड्यात राहिला तर काय होते, हे आमच्या घरोघरच्या बायांना सांगावे लागत नाही. म्हणूनच डॉक्टर पुढे दीर्घकाळ रोजची गोळी आणि आठवड्याची गोळी चालू ठेवितात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास शंभरांपैकी सुमारे वीस बालरुग्ण उपचार नाकारीत वा अर्ध्यावर सोडीत. पुढे राहणे, जेवण, पैसा व धीर यांची नीट व्यवस्था लाविल्यावर हे प्रमाण पाचांच्या आसपास उतरले. आईबापांची माया पूर्वीही तेवढीच होती; पण दोघांनी चार कोपरे कसे उचलावे?

ह्या रोगावर एके काळी औषधच नव्हते, हे आपण विसरू नये. सर दोराबजी टाटांची पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली याच रोगाने निवर्तली. त्या घरी पैशाची वाण नव्हती, पण पैशाने घेण्याजोगे औषध जगात कोठेच नव्हते. दोराबजी पुढल्याच वर्षी वारले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून १९४१ साली परळचे रुग्णालय उघडले. १९४८ साली बोस्टनच्या डॉक्टर फार्बर यांनी सोळा मुलांना एक नवे औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. दहांना उतार पडला, तोही थोड्याच काळाचा. ते औषध बनविणाऱ्या मंडळींचे प्रमुख आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आज उपचार पुरा घेणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य बरी होतात. जे मेहरबाईस मिळाले नाही ते शिरपूरच्या मजुराच्या लेकरास मिळू शकते. मात्र त्यास तेथवर कोणी वाहून नेले पाहिजे, आणि पुनःपुन्हा नेले पाहिजे.

तर कोपरा धरणे म्हणजे काय? सोयाबीन कापून मळणी करून देणे. म्हशीची धार काढणे. मागे राहिलेल्या दोन लेकरांना शाळेत धाडणे, कारण घरात एक मूल आजारी पडले की बाकीची पोरकी होतात. रक्त देणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद जुळविण्यास बापासोबत जाणे. तो तहसिलीच्या खिडकीशी एकटा भांबावतो. रेल्वेत अशा रुग्णास व त्याच्या सोबत्यास तिकिटाची सवलत आहे, ती सांगणे. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि २००६ पासून सेंट ज्यूड नावाची संस्था अशा मुलांना आईबापांसह विनामूल्य ठेवून घेते, हेही सांगणे.

आणि एक गोष्ट विशेष ध्यानी धरा. औषधे चालू असता मुलाच्या अंगची प्रतिकारशक्ती फार क्षीण होते. तेव्हा ताप आला तर सकाळची वाट पाहावयाची नाही. त्याच रात्री दवाखाना गाठावयाचा. रात्री दोन वाजता ज्याच्या दारी जीप उभी आहे, त्याने उठून ती काढावी. त्या रात्री आमच्या लांब प्रार्थनेपेक्षा त्याची किल्ली अधिक कामाची, असे म्हटल्याने देवाचा उपमर्द होतो असे आम्हांस वाटत नाही. तसेच दर्शनासारखी गर्दी करून खाटेभोवती बसू नये. खोकला असेल त्याने तर दारातूनच खुशाली विचारावी.

पण दूर राहण्याचे दुसरेही एक कारण खेड्यांत ऐकू येते, ते खोटे आहे. हा रोग संसर्गाचा नव्हे. आपले पोर त्याच्याशी खेळले तर त्यास काही होत नाही. आईच्या पदरी कोणते पाप होते, ही कुजबुजही थांबवा. आंधळ्या जन्मलेल्या माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला, आणि प्रभूने तो साफ नाकारिला. जो उपदेशक विश्वासाच्या नावाने गोळ्या बंद करावयास सांगतो, त्यास आम्ही भाऊ म्हणून विनवितो : तू कोपरा सोडीत आहेस, बाज कलंडेल.

काही लेकरे सर्व करूनही जातात. त्या घरी कोणी विश्वास कमी पडला असे म्हणू नये. तेथे केवळ बसावे, आणि तेराव्यानंतरही जात राहावे.

कफर्णहूमास तो मनुष्य स्वतःची बाज उचलून घरी गेला. मोडलेल्या छपराचे काय झाले, हे मार्क लिहीत नाही. उपचार संपवून परतलेल्या घराचेही छप्पर असेच मोडलेले असते : शेत गहाण, म्हैस विकलेली, थोरल्या मुलीची शाळा सुटलेली. कफर्णहूमचे ते छप्पर त्या चौघांनीच पुन्हा शाकारले असावे, असे आम्हांस वाटते.