हद्द आणि श्वास

परक्याच्या शेतात कोणी नुसते पाऊल टाकले, तेथील काडीसुद्धा मोडली नाही, तरी ते अतिक्रमण होते आणि मालकाला नुकसानीचा पुरावा न देता दिवाणी दावा लावता येतो. शेजारच्या भट्टीचा धूर मात्र वर्षानुवर्षे घरात कोंडत राहिला तरी तो उपद्रव गणला जातो, आणि तो कितपत असह्य आहे हे फिर्यादीला शाबीत करावे लागते. या भेदाच्या मुळाशी मालकी श्रेष्ठ की जीवन श्रेष्ठ, हा धर्मविचारातील पुरातन प्रश्न आहे, असे मला वाटते.

हद्दीविषयी आपल्या स्मृतिकारांची आस्था केवढी! सीमाविवाद हे मनूच्या अठरा व्यवहारपदांपैकी एक. साक्षीदारांनी तांबडी वस्त्रे व माळा धारण करून, मस्तकावर माती घेऊन, आपल्या पुण्याची शपथ वाहून सीमा ठरवावी, असा दंडक. भूमीचे असेच असते; तिची चतुःसीमा कागदावर उतरते, तिचा मोबदला देता येतो. जंजिऱ्यावरील हक्काच्या बदल्यात पेशव्यांशी झालेल्या तहाने १७९१ मध्ये सिद्दी घराण्याला सुरतेजवळचा जो मुलूख मिळाला, तेच सचिन संस्थान.

वायूला चतुःसीमा नाही. त्याच सचिनच्या औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे, टँकरमधील रसायन बेकायदा नाल्यात सोडले जात असता उठलेल्या विषारी वायूने सहा कामगारांचा बळी घेतला आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. इंग्रजी विधीप्रमाणे, म्हणजे १९९७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने लंडनच्या कॅनरी व्हार्फ प्रकरणात पुन्हा ठरविल्याप्रमाणे, खाजगी उपद्रवाचा दावा जमिनीत हितसंबंध असणाऱ्यासच लावता येतो. मग ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या परमुलखातून पोटासाठी आलेल्या मजुराच्या श्वासाला तेथे स्थान कोठले?

पतंजलीने यम सांगताना अहिंसा प्रथम ठेवली, अस्तेय तिच्या मागून. व्यासभाष्य तर इतर सर्व यमनियम अहिंसेच्याच सिद्धीसाठी आहेत असे मानते. परधनाचा आदर परप्राणाच्या आदरातून उपजतो, हा क्रम मला निःसंशय योग्य वाटतो, आणि विधिशास्त्राने तो उलटा लावला याचे दुःख होते. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात १९८६ साली न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालपत्राने मात्र धोकादायक उद्योगावर निरपवाद दायित्व ठेवले. इजा झालेल्याची तेथे जमीन होती काय, हे तो निकाल विचारीत नाही, आणि सचिनमध्ये दगावलेल्यांच्या वारसांना नुकसानभरपाई मागावयाची झाल्यास त्यांचा एक मोठा आधार तो आहे.