मुलाच्या मनाचे दुखणे आणि पालकाची सही

मदीनेत ह. अनस बिन मालिक (रजि.) यांचा एक धाकटा भाऊ होता. अबू उमैर ही त्याची कुन्यत. त्याने पाळलेले एक लहानसे पाखरू मेले आणि मूल खिन्न होऊन बसले. प्रेषित मुहम्मद (स.) त्या घरी येत-जात असत. त्याचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी कारण विचारले आणि मग त्याच्याशी त्या पाखराविषयीच बोलणे काढले. इब्नुल कास (मृत्यू हिजरी 335) यांनी या एका हदीसमधून साठ मुद्दे काढून दाखविले आहेत. मदरशात ही हदीस शिकताना माझे सारे लक्ष 'लहान मुलाला कुन्यत देता येते का?' या मसल्यावर होते. त्या मुलाच्या दुःखाकडे ते फार उशिरा वळले.

किती उशिरा, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाला त्याचे वडील माझ्याकडे घेऊन आले. त्याची झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली आणि शाळेचे नाव काढताच पोटात गोळा येई. मी दम केला, आयतुल कुर्सीचे पठण करण्यास सांगितले आणि नमाज पक्की झाली की मन ताळ्यावर येईल, असे वर जोडले. निघताना वडिलांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. मुलाला समुपदेशकाकडे पाठविण्यासाठी शाळेने पालकाची संमती मागितली होती. "मौलाना, आमच्या घरात कुणी वेडं नाही," ते म्हणाले. मी गप्प राहिलो. त्या वर्षी मुलाची शाळा सुटली. आजही तो भेटला की सलाम करतो, पण नजर वर उचलत नाही. दम करण्यात माझे चुकले नाही. त्या गप्प राहण्यात चुकले.

बंधू-भगिनींनो, मनाचे दुखणे म्हणजे ईमानाची दुर्बलता, हा समज आपल्यात कोठून आला? दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये ह. याकूब (अ.) यांचे दुःख वर्णिले आहे. पुत्रवियोगाने त्यांचे डोळे पांढरे पडले. ते अल्लाहचे प्रेषित होते आणि त्यांचा सब्र सुंदर होता. तरीही ते दुःख होतेच, आणि कुरआनने ते झाकून ठेवले नाही. दुसरीकडे, उपचार करावेत का, असे विचारणाऱ्या बदूंना प्रेषितांनी (स.) उपचार करा, असेच सांगितले. आजार देणाऱ्यानेच त्यावर इलाजही दिला आहे, ही त्यांची शिकवण त्यांनी शरीरापुरती मर्यादित ठेवली नाही. शोकाकुल मनाला हलके करणाऱ्या तलबीना नावाच्या जवाच्या पेजेचा उल्लेख ह. आयशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये येतो. पुढे अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. 934) यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर मिळून एक ग्रंथ लिहिला. भीती, क्रोध, खिन्नता आणि मनात घोळणारे वसवसे यांचा त्यात स्वतंत्र विचार आहे.

आता शाळेकडे येऊ. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी काही निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावा. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळाही यातून सुटत नाही, मग ती मराठी माध्यमाची असो वा उर्दू. तुमच्या मुलाच्या शाळेत समुपदेशक नसेल, तर मुख्याध्यापकांना अदबीने विचारणे हा तुमचा हक्क आहे. फी आणि गणवेशाबद्दल आपण विचारतोच ना!

पालकांच्या मनात दोन भीती असतात. पहिली बदनामीची, विशेषतः मुलीच्या बाबतीत. उद्या सोयरीक जुळवताना कोणी बोलले तर? ही भीती खोटी नाही; आपल्याच मोहल्ल्यातील जिभांनी ती निर्माण केली आहे. परंतु मजलिसमधील बोलणे अमानत आहे, हे आपल्याला शिकवले गेले आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गुपित बहुधा फुटते ते आपल्याच ओट्यावर.

दुसरी भीती अशी, की समुपदेशक आपल्या धर्माचा नाही, तो मुलाला भलतीकडे नेईल. हिजरतच्या वेळी प्रेषितांनी (स.) वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित याला मोबदला देऊन नेमले होते. तो तेव्हा कुरैशच्याच धर्मावर होता. पण वाटेचा जाणकार होता आणि विश्वासाचा होता. जिवावरच्या प्रवासात एवढे पुरेसे ठरले. तेव्हा समुपदेशकाला भेटा आणि आपल्या घरची रीत, नमाज, पडदा सारे मोकळेपणाने सांगा. जाणकारी व सचोटी पाहा. दुआ आणि दम घरी चालू राहू द्या. त्याच्या आड समुपदेशक येत नाही.

14416 हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सेवा विनामूल्य आहे. रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. आमच्या मस्जिदीच्या फलकावर नमाजच्या वेळापत्रकाशेजारी तो लिहिलेला आहे. शाळेतून संमतीचा कागद घरी आला आणि सही करण्यास हात धजला नाही, तर तो तसाच घडी घालून खिशात ठेवू नका. असरनंतर मी मस्जिदीतच असतो. कागद घेऊन या, मुलालाही सोबत आणा. या वेळी मी गप्प राहणार नाही.