भाकर आधी

वाचन: 1 राजे 19:1–21

कर्मेल डोंगरावर संदेष्टा एलीया जिंकला होता. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर पाऊसही पडला होता. पण ईजबेल राणीनं जिवे मारण्याचा निरोप धाडला आणि हाच माणूस खचला. चाकराला बैर-शेब्यात ठेवून तो दिवसभराची वाट रानात एकटाच चालला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून त्यानं देवाकडं मरण मागितलं.

देवानं त्याला काय दिलं? आधी झोप. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा आडवा झाला, तरी त्याला उठवणारा देवदूत रागावला नाही. दुसऱ्यांदा हात लावून त्यानं उठवलं आणि आणखी खायला लावलं, कारण पुढची वाट लांबची होती. या अध्यायातलं सर्वांत मोठं सांत्वन मला इथं सापडतं. कर्ज, आजारपण, घरातली भांडणं, सगळं एकदम अंगावर आलं की आपण आधी स्वतःच्या विश्वासालाच बोल लावतो. प्रार्थना कमी पडली असेल, म्हणतो. रात्रीमागून रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, पोटात धड अन्न नाही, हे आपल्याला दिसत नाही. देवाला ते आधी दिसलं.

पुढं होरेब डोंगरावर सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो. देव त्यांपैकी कशातही नव्हता. धाराशिव जिल्ह्यात हे वाचताना भूकंपापाशी थांबावंच लागतं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा वेळी देवाचा कोप झाला म्हणणारे भेटतातच. एलीयाची गोष्ट वाचलेल्यानं तसं म्हणू नये. ढिगारे उपसणाऱ्या हातांत, परगावाहून आलेल्या भाकरीच्या गाठोड्यांत देव होता, असं मी मनापासून मानतो.

होरेबावर अग्नीनंतर एक मंद वाणी आली. एलीयाचं गाऱ्हाणं दोन्ही वेळा एकच: मी एकटाच उरलो. देव त्याला सांगतो, बआल दैवतापुढं गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत. ईजबेल तिकडं जिवंतच होती, धोका टळला नव्हता. फक्त एलीयाची मोजदाद चुकली होती. देवानं त्याला आल्या वाटेनं परत पाठवलं आणि सोबतीला अलीशा दिला, बारा जोड्या बैलांनी शेत नांगरणारा शेतकरी.

एलीयाच्या 'मी एकटाच उरलो'च्या अगदी उलट, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'नाही मी एकला'. जानेवारी 2020 मध्ये धाराशिव शहरात, संत गोरोबाकाकांचं नाव दिलेल्या साहित्यनगरीत, ते 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष नको म्हणून आधी विरोध झाला होता. त्यात पाठीचं दुखणं. उद्घाटक ना. धों. महानोर यांच्यावरही जाऊ नये म्हणून दबाव आला. पळसखेडचा तो शेतकरी कवी आला, आणि त्यानं संमेलनाचं उद्घाटन केलं.