विसरले मी, की माझा मेंदू?



गेल्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर एक निवृत्त शिक्षिका चर्चच्या ओसरीत आमची वाट पाहत थांबल्या होत्या. मिरजेतल्या मुलींच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत, त्यामुळे आम्हीही त्यांना बाईच म्हणतो. एका हातात जपमाळ होती, दुसऱ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन अक्षरे होती : एमसीआय.

"फादर, माझ्या मेंदूतलं कसलंसं रसायन कमी पडतंय म्हणे. रोझरी म्हणताना दुसरं रहस्य झालं की तिसरं, तेच कळत नाही. काल एक रहस्य दोनदा म्हटलं आणि एक राहूनच गेलं. हे पाप माझ्या नावावर लागतं का?"

आम्ही सेमिनरीत शिकलेले उत्तर दिले. पापाला जाणीव लागते, संमती लागते. विसरण्यात दोन्ही नाहीत, तेव्हा पाप नाही. आम्हाला वाटले, प्रश्न संपला. पण बाईंनी जन्मभर गणित शिकवले होते. समीकरणाची एकच बाजू सोडवून त्या थांबणाऱ्या नव्हत्या.

"मग पन्नास वर्षं न चुकता म्हटली, ते तरी माझं कसं? चुकतंय ते रसायनाचं, तर बरोबर येत होतं तेही रसायनाचंच ना?"

आम्ही "तसं नाही हो बाई" असे काहीतरी पुटपुटलो आणि त्यांना चहाला बोलावले. वेळ मारून नेली, हे त्यांच्याही लक्षात आले असावे.

आधी त्या तीन अक्षरांविषयी. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती यांची सौम्य घट. माणसाला स्वतःला किंवा घरच्यांना विसरणे जाणवते, चाचणीत वयाच्या मानाने गुण कमी पडतात, पण स्वयंपाक, बाजारहाट, बँक, एस.टी.चा प्रवास हे सारे चालू असते. हा डिमेन्शिया नव्हे. काहींना पुढे डिमेन्शिया होतो, काहीजण वर्षानुवर्षे आहेत तसेच राहतात आणि काही चक्क सुधारतात. म्हणून "आईला वेड लागत चाललंय" असे शेजाऱ्यांना सांगत सुटणाऱ्या मुलांनी जरा जीभ आवरावी. त्याऐवजी थायरॉइड, साखर, कान आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. विसरण्याचे कारण तेवढेच असेल, तर उपाय हाताशी आहे.

आता रसायन. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, त्यासाठी त्यांना निरोप्या लागतो. स्मृती आणि लक्ष यांच्या कामातला एक महत्त्वाचा निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. १९७६ च्या सुमारास असे दिसून आले, की अल्झायमरने मरण पावलेल्यांच्या मेंदूत हे रसायन तयार करणारे एन्झाइम फार घटलेले असते. त्यावरून साधा हिशेब मांडला गेला : निरोप्या कमी, म्हणून विसर. आणि सौम्य घट म्हणजे निरोप्या थोडा कमी. बाईंनाही कोणीतरी हेच समजावले असणार.

पण गोष्ट इतकी सरळ निघाली नाही, आणि ती कळली कोणाकडून? तर आपल्याच सिस्टर, ब्रदर आणि फादर मंडळींकडून. १९९४ साली अमेरिकेत शिकागोच्या रश विद्यापीठातील वैद्यकीय केंद्राने एक अभ्यास सुरू केला. निरनिराळ्या संघांतील वयस्क कॅथलिक व्रतस्थांनी दरवर्षी स्मृतीची चाचणी द्यायचे आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी देण्याचे कबूल केले. या दात्यांच्या मेंदूंचा अभ्यास करून २००२ मध्ये संशोधकांनी जे प्रसिद्ध केले, ते अनेकांना अनपेक्षित होते. सौम्य घट असलेल्यांच्या मेंदूत ते एन्झाइम घटलेले नव्हते. उलट हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रात आणि मेंदूच्या पुढच्या भागात त्याचे काम वाढलेले होते. हानी सुरू झाली असताना उरलेल्या पेशी जास्त राबून भरपाई करत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला गेला. घट येते ती पुढच्या पायरीवर.

औषधांचा अनुभवही याच्याशी जुळतो. अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरणारी डोनेपेझिल ही गोळी अल्झायमरमध्ये काही काळ थोडा आधार देते. सौम्य घट असलेल्या ७६९ जणांवर ती आणि ई जीवनसत्त्व तीन वर्षे तपासले गेले. २००५ साली निकाल आला : गोळीने पहिल्या वर्षी अल्झायमर काहीसा लांबला, तीन वर्षांअखेर फरक उरला नाही. ई जीवनसत्त्वाचा उपयोग झाला नाही.

म्हणजे बाईंच्या डोक्यात नुसती टंचाई नाही, तिथे राबणूकही चालली असावी. हे वाचून आम्हाला प्लेटो आठवला. सॉक्रेटिसाच्या अखेरच्या दिवशी तुरुंगात त्याचे मित्र आत्म्याविषयी बोलत बसले आहेत. त्यांतला सिमियास म्हणतो, आत्मा म्हणजे वाद्याचे सुरात लागणे असेल तर? वाद्य मोडले, तारा तुटल्या, की सूर कुठला उरणार? मिरजेत राहणाऱ्याला हा प्रश्न फार जवळचा वाटतो. सतारमेकर गल्लीत भोपळा, लाकूड, तारा आणि खुंट्या सुट्या पडलेल्या दिसतात. त्यांत सूर शोधून सापडत नाही आणि त्यांच्याशिवायही तो सापडत नाही. बाईंचा प्रश्न हाच होता. फरक इतकाच, की सिमियासला रसायनाचे नाव माहीत नव्हते.

सॉक्रेटिसाच्या उत्तरांपैकी एक असे : सूर कधी तारेच्या विरुद्ध जात नाही, आत्मा मात्र शरीराला विरोध करतो. तहान लागलेली असूनही माणूस पाणी नाकारू शकतो. आम्ही याला जोडून म्हणू, की उतरलेल्या तारेला आपण उतरलो हे कळत नाही. बाईंना कळते. त्या रहस्य चुकतात, चुकलो हे ओळखतात, चुकू नये म्हणून चिठ्ठी लिहितात. तार उतरलेली ऐकून खुंटी पिळणारे कोणीतरी तिथे आहे.

हा युक्तिवाद आम्हाला आवडतो, म्हणूनच त्यावर फार भार टाकायला आम्ही कचरतो. पेशींनी जास्त रसायन करणे म्हणजे आत्म्याने धडपडणे, असे म्हणता येणार नाही. पेशी पेशीचे काम करतात. शिवाय आजार पुढे गेला तर "मी विसरतो" ही जाणीवही अनेकदा जाते. तेव्हा काय म्हणायचे? ऐकणाराच निघून गेला? असे म्हणणारा उद्या पलंगावरच्या आईला 'कोणी नाही' म्हणायला मोकळा होईल.

त्यापेक्षा अ‍ॅरिस्टॉटलचा आधार भक्कम आहे, आणि संत थॉमस अक्विनास त्याच वाटेने गेले. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, की आत्मा विचार करतो असे म्हणण्यापेक्षा माणूस आत्म्याने विचार करतो असे म्हणणे बरे. तिथेच तो म्हणतो, की म्हाताऱ्याला तरुणाचा डोळा मिळाला तर तो तरुणासारखाच पाहील. या मताने मेंदू हा आत्म्याच्या हातातला परका हातोडा नव्हे, आणि आत्मा हा मेंदूचा धूरही नव्हे. देह आणि आत्मा मिळून एकच माणूस. म्हणून रसायन बिघडले की विचार खरोखरच अडतो. आणि म्हणूनच अडला तरी तो बाईंचाच विचार अडतो, रसायनाचा नव्हे. डोळ्याने पाहिले म्हणून पाहणे डोळ्याच्या नावावर जमा होत नाही. पन्नास वर्षांची जपमाळ अ‍ॅसिटिलकोलीनच्या मदतीने म्हटली गेली, जिभेच्या आणि बोटांच्याही मदतीने म्हटली गेली. म्हटली ती बाईंनी.

पण हा प्रश्न पुस्तकात राहत नाही, तो घरात येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याकडे एका धर्मग्रामात होतो, तेव्हाची गोष्ट. एक वृद्ध शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणत. नावे विसरायचे, दिवस विसरायचे, पण शेतात पाणी कधी सोडायचे ते विसरत नसत. थोरला मुलगा आमच्याकडे आला. "फादर, तात्यांचं डोकं चालतंय तोवर वाटणीपत्रावर सही घेऊन ठेवतो. तुमचं ते ऐकतील, एक शब्द टाका." आम्ही विचारले, तात्यांना काय हवे आहे? "त्यांना काय विचारायचं फादर, विसरतात ते."

सहीपुरते तात्या शहाणे आणि मतापुरते विसराळू! ही विसंगती आम्हाला त्याच वेळी दिसायला हवी होती. ती दिसली नाही. घरात भांडण नको म्हणून आम्ही शब्द टाकला आणि तात्यांनी सही केली. दोन आठवड्यांनी मिस्सानंतर त्यांनी आम्हाला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "फादर, त्या कागदात विहिरीचं काय लिहिलंय?" आम्हाला ठाऊक नव्हते. आम्हीही कागद वाचलेला नव्हता.

कायदा आमच्याहून समजूतदार आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२ माणसाच्या माथ्यावर कायमचा शिक्का मारत नाही. करार करतेवेळी त्याला तो समजतो का, आणि आपल्या हितावर काय परिणाम होईल हे तो विचाराने ठरवू शकतो का, एवढेच ते विचारते. एरवी मन ठिकाणावर नसणाराही ज्या वेळी ते ठिकाणावर असेल, त्या वेळी करार करू शकतो. आपल्या ख्रिस्ती घरांतील मृत्युपत्रांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्याचे कलम ५९ हेच तत्त्व धरते. मग विसरायला लागलेल्या पण समजणाऱ्या माणसाचा हक्क आपण कोणत्या आधाराने काढून घेतो? सकाळी, डोके ताजे असताना, कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवता आला असता. त्यांच्याच तोंडून तो परत वदवून घेता आला असता. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारता आले असते. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही बोलावता आले असते. दोन सकाळी लागल्या असत्या. त्या आम्ही तात्यांना दिल्या नाहीत. आता तात्या नाहीत, आणि विहिरीवरून दोघे भाऊ बोलत नाहीत.

बाईंना आम्ही चहाच्या वेळी अ‍ॅरिस्टॉटल सांगितला, तात्यांची गोष्टही सांगितली. अ‍ॅरिस्टॉटल त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतला. तात्यांचे ऐकून मात्र बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या कागदांना मी याच महिन्यात बसते. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका."

जपमाळेसाठीही त्यांनी स्वतःच युक्ती काढली आहे. काडेपेटीतल्या पाच काड्या डाव्या बाजूला ठेवतात आणि एक रहस्य झाले की एक काडी उजवीकडे सरकवतात. परवा रविवारी हसत सांगत होत्या, "फादर, काल उजवीकडे सहा निघाल्या. मोजताना चुकले की जास्तीचं एक म्हटलं, देव जाणे."